भंतेंच्या नावावर काय काय होतं

आमच्या भंतेंनी तीस वर्षांत पैशाला हात लावलेला नाही. आता तुम्ही बोलाल, असं सगळेच सांगतात. पण खरंच! एकदा विहारासमोर वाऱ्याने कोणाची तरी शंभरची नोट उडत आली आणि थेट भंतेंच्या चिवराला चिकटली, तर हा माणूस भर रस्त्यात दोन्ही हात वर करून उभा राहिला, कोणीतरी बंदूक रोखल्यासारखा. रिक्षा थांबल्या. हॉर्न वाजायला लागले. शेवटी समोरचा चिकनवाला सुरी टाकून धावत आला आणि त्याने दोन बोटांनी ती नोट काढली. "आयुष्मान, मंगल होवो," भंते बोलले आणि पुढे चालायला लागले.

आणि ह्याच माणसाच्या नावापुढे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर मी माझ्या डोळ्यांनी वाचलं, व्यवसाय: ब्युटी पार्लर.

ब्युटी पार्लर! डोक्यावर एक केस नाही त्यांच्या!

थांबा. पहिल्यापासून सांगते. नाहीतर मी अशीच सुटते आणि समोरच्याला घंटा काही कळत नाही, असं आमचे ऑफिसचे सर बोलतात.

आम्ही राहतो डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आत, कंपन्यांच्या मागच्या चाळीत. सकाळी वारा कुठला आहे ते आम्हाला वासावरून कळतं. चाळीच्या मधोमध विहार, वर पत्रे, आणि विहाराला चिकटून भंतेंची खोली. भंते मूळचे मराठवाड्यातले. मी जन्मायच्या आधीपासून इथे आहेत. पहाटे वंदना घेतात, बाराच्या आत जेवतात, त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. आणि मधल्या वेळेत भांडतात. गटारात उतरणाऱ्या माणसांना हातमोजे का नाहीत, नोटीस न देता झोपड्या का पाडल्या, पोरगं कुठल्या कलमाखाली उचललं, कागद दाखवा. आजूबाजूच्या सगळ्या पोलीस ठाण्यांत त्यांना 'मानवी हक्कवाले भंते' बोलतात. आणि त्यांची ट्रिक काय, तर ते बरोबर साडेदहाला जाऊन बसायचे. भिक्षापात्र मांडीवर, फाईल पात्रावर. आता साहेब लोकांना पण माहीत, हा माणूस बारा वाजून गेले तर उपाशी राहणार आणि आपल्या दारात साधू उपाशी राहिला हे त्यांच्या बायकांना चालणार नाही. साडेअकराला काम झालेलं असायचं!

पैशाला हात लावत नाहीत म्हटल्यावर त्यांच्याबरोबर कायम एक माणूस लागतो. तो आमच्याकडे पाकीटवाले काका. रंगाच्या कंपनीतून रिटायर झालेले. दान येईल ते काकांकडे, रिक्षाचं भाडं काका देणार, झेरॉक्सचे काका देणार. हिशोब लिहायचा कॅलेंडरच्या पानामागे. 'भंते व मी, रिक्षा, पोलीस ठाणे.' 'भंते व मी, झेरॉक्स.' 'चहा, फक्त मी.' तीस वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून माळ्यावर ठेवलीत. कुठलीही काढा, 'चहा, फक्त मी' सगळ्यात जास्त वेळा.

तर मागच्या हिवाळ्यात भंते पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर एका अर्जासाठी चढले आणि जिन्यातच बसले. घामाने चिवर ओलं. ठाण्याला नेलं, तपासण्या झाल्या, हृदयात तीन ठिकाणी अडलंय, बायपास करायला लागेल, आणि महिन्याच्या वर थांबू नका.

आता गंमत ऐका. ज्या हॉस्पिटलमध्ये नेलं, ते ट्रस्टचं. तिथे काही खाटा गरिबांसाठी राखीव ठेवायचा नियम आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका गटार सफाईवाल्याला दारातून परत पाठवलेलं, तेव्हा हेच भंते एकोणीस दिवस त्या हॉस्पिटलच्या गेटवर बसलेले. रिसेप्शनवर आज जो बोर्ड आहे ना, 'आज गरीब रुग्णांसाठी उपलब्ध खाटा', तो बोर्ड ह्यांच्यामुळे लागला! त्यामुळे भंतेंना स्ट्रेचरवरून आत येताना बघून तिथल्या समाजसेवा विभागाच्या ताई आधी घाबरल्याच. त्यांना वाटलं, नवीन आंदोलन. आडवं झोपून.

मग बिचाऱ्या बोलल्या, "भंतेजी, तुम्ही कागदाचं टेन्शन घेऊ नका. आम्ही अॅडजस्ट करतो."

"अॅडजस्ट नको," भंते झोपल्या झोपल्या बोलले. "आज मर्जीनं दिलेलं उद्या मर्जीनं काढून घ्याल. नियमानं द्या. काय कागद लागतो?"

"उत्पन्नाचा दाखला. किंवा पिवळं रेशनकार्ड."

रेशनकार्ड भंतेंकडे नाही, कारण ते धान्य घेतच नाहीत, शिजलेलंच घेतात. राहिला दाखला. ताईंनी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत खाट धरून ठेवली आणि तोपर्यंत गोळ्या देऊन भंतेंना विहारात परत पाठवलं. तोपर्यंत दाखला नाही आला तर यादीतला पुढचा पेशंट. चाळीने वर्गणी काढायची तयारी केली, तर भंते बोलले, "गरिबाची खाट मी भांडून घेतली. आता मीच पैसे भरून दुसऱ्या खाटेवर झोपलो तर हॉस्पिटलवाले काय म्हणतील? बघा, ह्यांच्याकडे होते!" विषय संपला. म्हणजे दाखला आला तर ऑपरेशन, नाही आला तर नाही. एवढं सरळ.

आणि हे काम आलं माझ्याकडे. कारण मी माजिवड्याला एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करते. चाळीच्या हिशोबाने मी सीए झालेलीच आहे. इंटरला दोनदा बसलेय ते फक्त घरात माहितीये.

मी बोलले, हे तर पाच मिनिटांचं काम! पैशाला हात न लावणाऱ्या माणसाचा गरिबीचा दाखला, ह्याच्यापेक्षा सोपं काय असणार? भंतेंचं पॅन कार्ड काकांच्या पाकिटात होतं. "कधीतरी काढलं होतं," काका बोलले. पोर्टल उघडलं तर ओटीपी ज्या नंबरवर जाणार तो नंबर कोणाचा? भंतेंच्या नावावरचं सिम चाळीतल्या बँजो पार्टीवाल्याकडे! तो बदलापूरला हळदीत वाजवत होता. पाच फोन केले. सहाव्याला उचलला, मागे नुसता धुडगूस, आणि तो ओटीपी ओरडून सांगतोय आणि मी ऑफिसात ओरडून लिहितेय. सर केबिनमधून बाहेर आले बघायला.

आणि मग ते आलं स्क्रीनवर. ब्युटी पार्लर. तीन वर्षांचे रिटर्न, एका वर्षीही खंड नाही, टॅक्स शून्य, पण उत्पन्न? दाखल्याच्या मर्यादेच्या चौपट!

मी खुर्चीतून उठले. मग गाड्या शोधल्या. दोन स्कूटर, एक टेम्पो. चिकनवाल्याच्या दुकानाचं लाईट बिल मागवलं, ग्राहकाचं नाव: भिक्खू अमुक अमुक. चिकनचं दुकान! सकाळी 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीव घेणार नाही, असं म्हणणाऱ्या माणसाच्या मीटरवर कोंबड्यांचा फ्रीजर चालतोय! आणि बँजो पार्टीच्या स्पीकरचं कर्ज. सर मागे उभे राहून वाचत होते. बोलले, "तुमचे भंते आपल्या अर्ध्या क्लायंटांपेक्षा श्रीमंत आहेत."

संध्याकाळी मी धावत विहारात. भंते झोपलेले चटईवर, छातीवर फाईल.

"भंते, हे काय आहे? तुमच्या नावावर टेम्पो आहे!"

"असंल."

"असंल काय? स्पीकर आहेत! पार्लर आहे!"

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. चाळीच्या जागेचा वाद, त्यामुळे आधी इथे कोणाकडेच पत्त्याचा कागद नव्हता. विहाराचं मीटर भंतेंनी दोन वर्षं भांडून मिळवलेलं. अख्ख्या चाळीत पत्ता असलेला माणूस एकच. मग ज्याला सिम हवं, ज्याला गाडी हप्त्यावर हवी, तो यायचा. भंते, सही द्या. भंते द्यायचे.

"अहो पण सही करताना बघितलं नाही कशावर करताय?"

"पत्ता असणं हा माणसाचा हक्क आहे, बाळा. त्यांना कोणी देईना, माझ्याकडं होता. मी वाटला."

 पत्ता काय प्रसाद आहे वाटायला?

"बरं, पार्लर कोणाचं?"

"ते नाही सांगणार."

"भंते, तुमचं ऑपरेशन अडकलंय त्याच्यावर!"

"शब्द दिलाय. तू रडायलीस कशाला? बस. पाणी पी."

खरं म्हणजे पार्लर कुठलं ते मला माहीत होतं. चाळीच्या तोंडाशी एकच पार्लर आहे, आणि माझी आई तिथे पगारावर आहे. मालकीण म्हणजे कल्याणची मॅडम. ह्या बाईला मी जन्मात बघितलेलं नाही, पण तिच्या राज्यात मी वाढलेय. "आज उशीर होईल, मॅडमनी ब्राइडल घेतलंय." "मॅडमनी पगार अजून दिला नाही." "मॅडम रागावतील." लहानपणी मला तिचा इतका राग यायचा! रविवारी पण आईला बोलवायची. पण क्लासची फी भरायची वेळ आली की हीच मॅडम अॅडव्हान्स द्यायची, मग मी तिला माफ करायचे. माझे पप्पा एमआयडीसीत वॉचमन आहेत. अतिशय प्रेमळ माणूस, फक्त त्यांना स्कीमा लागतात. सशांची पैदास केली, त्यात पैसे गेले. मॅग्नेटच्या गाद्या घेतल्या, त्यावर आम्ही अजून झोपतोय. टिशू पेपरचं मशीन तर आलंच नाही, नुसता फोटो आला. पप्पा दर दिवाळीला कल्याणच्या मॅडमसाठी डबाभर चिवडा पाठवायचे, आणि डब्याच्या झाकणाला नवीन स्कीमचं पत्रक. "विचार गं, मॅडमला इंटरेस्ट आहे का."

मी घरी येऊन आईला बोलले, "आई, कल्याणच्या मॅडमचा नंबर दे. आत्ता. ती बाई भंतेंच्या जिवावर उठलीये."

आई भाकरी थापत होती. थांबली. "मॅडम गावी गेल्यात."

"कुठल्या गावी?"

"लांब आहे."

"फोन नाही लागत?"

"रेंज नाही तिथे," आई बोलली आणि भाकरी तव्यावर टाकली. भाकरी फुगलीच नाही. माझ्या आईची भाकरी फुगली नाही हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सीए होणार मी!

असो. अर्ज तर केला. तलाठ्याकडे सगळं खरं लिहून दिलं, गाड्या लोकांच्या आहेत, भंतेंचं काही नाही. तलाठी भाऊसाहेब चष्म्यातून बघत बोलले, "मॅडम, कागद एक सांगतो, तुम्ही एक सांगताय. स्थळपाहणी करावी लागेल. गुरुवारी दुपारी येतो. दोन पंच तयार ठेवा."

मी खूश! मी बोलले, बघू देत ना. खोलीत आहे काय? एक चटई, तीन चिवरं, एक पात्र, फायलींची ट्रंक. बघितल्याबरोबर सही करतील. मी काकांना फोन केला, "काका, गुरुवारी भाऊसाहेब येणारेत भंतेंची खोली बघायला. सगळ्यांना सांगून ठेवा." एवढंच बोलले. ऑफिसात रिटर्नची गर्दी होती, मी पुढे काही बोलले नाही. ही माझी चूक.

आणि काकांची चूक काय, तर त्यांना विहाराच्या भोंग्यावरून 'आपले भंते गरीब आहेत का हे बघायला माणूस येतोय' असं सांगणं बरं दिसेना. त्यांनी शुद्ध भाषेत पुकारलं, "गुरुवारी दुपारी शासनाचे अधिकारी आपल्या भंतेजींच्या भेटीला येत आहेत. सर्व उपासक-उपासिकांनी सहकार्य करावे."

गुरुवारी मी हाफ डे टाकून माजिवड्यावरून बस पकडली आणि शीळफाट्याला पाऊण तास एकाच जागी. पोचले तेव्हा भाऊसाहेब आत गेलेले. चाळीच्या तोंडाशी बँजो पार्टी पूर्ण ड्रेसमध्ये वाजवतेय. रांगोळी. आणि वर फ्लेक्स! फ्लेक्सवर भंतेंचा हसरा फोटो आणि खाली हे एवढ्या अक्षरांत: 'दानशूर भंतेजींच्या निवासस्थानी मान्यवरांचे हार्दिक स्वागत.'

दानशूर! निवासस्थान!

मी गर्दीतून खोलीत घुसले आणि मला आधी वाटलं दार चुकलं. सोफा. मरून रंगाचा, तीन सीटर. डबल डोअरचा फ्रिज. बेचाळीस इंची टीव्ही, चालू. कूलर. कोपऱ्यात प्लास्टिकचं फुलझाड. खाली गालिचा, त्याच्यावर काचेचं टेबल, टेबलावर काजू. भाऊसाहेब सोफ्यावर, हातात सरबत, मांडीवर वही. आणि सोफ्याच्या बाजूला खाली, स्वतःच्या चटईवर भंते. उंच आसनावर ते बसत नाहीत ना.

"मावशी, हे काय केलंत?" मी दारातल्या बाईला हळूच विचारलं.

"अगं, सरकारी माणूस पुरस्कार द्यायला येणार, आणि भंतेंच्या खोलीत बसायला खुर्ची नाही? चाळीची काय इज्जत राहिली असती? सोफा आमचा, फ्रिज वरच्यांचा, टीव्ही चिकनवाल्याने दिला. सकाळपासून लागलोय सगळे. काजू कसे वाटतायत?"

भाऊसाहेब मोठ्याने बोलत बोलत लिहीत होते. "सोफा, एक. शीतकपाट, एक, मोठे. दूरदर्शन संच, एक. भिंतीवरील घड्याळे..." ते मोजायला लागले. घड्याळं मात्र खरंच विहाराची होती, दानात आलेली, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव, नऊ घड्याळं आणि नऊ वेगवेगळ्या वेळा. "...नऊ. बाहेर स्कूटर दोन, टेम्पो एक, हार घातलेला." पेन बंद केलं. "भंतेजी, मी सव्वीस वर्षं नोकरी केली. दाखल्यासाठी माणूस श्रीमंती लपवताना मी बघितलाय. पण एवढी मांडून?"

"ते माझं नाही," भंते बोलले.

"मग कोणाचं?"

मी ओरडले. माझ्याच्याने राहवलं नाही. "अहो लोकहो, हे पुरस्कार द्यायला नाही आलेत! भंते गरीब आहेत का ते बघायला आलेत! हे सगळं भंतेंचं लिहिलं गेलं तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर ऑपरेशन नाही!"

बँजो थांबला. टीव्हीवर कोणीतरी बाई जिरं तडतडवत होती, तेवढाच आवाज.

मग दारातली मावशी पुढे आली. पदर खोचला. "भाऊसाहेब, जरा उठता का?"

"काय?"

"सोफा आमचा आहे. तीन हप्ते राहिलेत. पावती आहे घरात, दाखवते."

भाऊसाहेब सरबत सांभाळत उठले. चौघांनी सोफा उचलला आणि दारातून तिरका करून बाहेर. मग सुरू झालं! "फ्रिज आमचा." "कूलर माझा, साहेब, बिल माझ्या भावाच्या नावावर, पण कूलर माझा." चिकनवाल्याने टीव्ही बंद करून खांद्यावर घेतला आणि जाता जाता बोलला, "आणि दुकानाचं मीटर पण माझंच आहे भाऊसाहेब, लिहा, कोंबड्यांशी भंतेंचा काही संबंध नाही." बँजोवाला आला, स्पीकर माझे, सिम माझं, एक स्कूटर माझी. दुसरी स्कूटरवाली आली. टेम्पोवाल्याने हार काढून दरवाजातच हात जोडले. "टेम्पो मी चालवतो, हप्ता मी भरतो, भंते आजपर्यंत एकदाच बसलेत, तेही मागे." भाऊसाहेब उभ्या उभ्या खोडत होते, लिहीत होते, खोडत होते. गालिचा त्यांच्या पायाखालून ओढला, ते एक पाय उचलून उभे. काचेचं टेबल गेलं. शेवटी एक पोरगी आली आणि त्यांच्या हातातला ग्लास बघत राहिली.

"हा पण तुमचा का?"

"सेटमधला आहे," ती बोलली. "पण तुम्ही संपवा आधी."

दहा मिनिटांत खोली होती तशी झाली. चटई, ट्रंक, पात्र, दोरीवर चिवरं, आणि नऊ घड्याळं टिकटिकतायत. काजू कोणी नेले ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"ठीक आहे," भाऊसाहेब बोलले. आता त्यांचा आवाज बदललेला. त्यांनी पिशवीतून मी जोडलेलं रिटर्न काढलं. "सामान गेलं. पण हे? हे कोण उचलून नेणार? तीन वर्षं पार्लरचं उत्पन्न दाखवलंय, सही तुमची आहे. पार्लर कोणाचं आहे, भंतेजी?"

"नाव माझं आहे."

"तुमचं आहे का?"

भंते खोटं बोलत नाहीत. आणि दिलेला शब्द मोडत नाहीत. त्यामुळे ते गप्प बसले. हात छातीवर होता, दुखत असणार.

"मग मला दाखला देता येणार नाही."

"नका देऊ," भंते बोलले. "तुमचं बरोबर आहे."

मी रडायलाच लागले. मला त्या क्षणी कल्याणच्या मॅडमचा गळा धरावासा वाटत होता. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊसाहेब, ते माझं आहे."

आई. हातात पाण्याचा ट्रे.

"पार्लर माझं आहे. पहिल्या दिवसापासून. कर्ज मिळेना म्हणून एजंटने भंतेंच्या नावाने रिटर्न भरले. भंतेंनी एक रुपया बघितला नाही. मीच बोललेले, कोणाला सांगू नका."

"का?"

आईने दाराकडे बघितलं. दारात पप्पा. वॉचमनच्या ड्रेसमध्ये, डबल ड्युटीवरून थेट आलेले. सगळी चाळ पप्पांकडे बघायला लागली. पप्पांच्या सशांचं सगळ्यांना माहीत होतं.

पप्पा आत आले. "म्हणजे... कल्याणच्या मॅडम?"

"मीच."

"अगं, मी दरवर्षी त्यांना चिवडा पाठवायचो!"

"तो चिवडा मीच बनवायचे. आणि मीच खायचे. पार्लरमध्ये बसून."

"आणि पत्रकं?"

"वॅक्सिंगला वापरली."

कोणीतरी फिस्सकन हसलं. पप्पांनी टोपी काढली. मला भीती वाटली, आता काय बोलतात. ते आईकडे बघत होते, मग माझ्याकडे, आणि मला दिसलं की त्यांच्या डोक्यात पण तेच चाललंय जे माझ्या डोक्यात. क्लासची फी. आर्टिकलशिपचं रजिस्ट्रेशन. टिशू पेपरच्या मशीनच्या वर्षी घरात धान्य कुठून येत होतं ते.

"मी तिला लई कंजूस समजायचो," पप्पा शेवटी बोलले. "पगार वाढवत नाही म्हणून." मग भाऊसाहेबांकडे वळले. "तुम्हाला पंच लागतात ना दोन? एक मी. लिहा, पार्लर हिचं आहे. मी नवरा आहे, मला माहीत नव्हतं, हे पण लिहा."

"ते लिहायची गरज नाही," भाऊसाहेब बोलले.

"नाही, लिहा."

दुसरे पंच पाकीटवाले काका. सही करायला टेबल नव्हतं, म्हणून भाऊसाहेबांनी वही भंतेंच्या ट्रंकेवर ठेवली. आईचं प्रतिज्ञापत्र दुसऱ्या दिवशी केलं. रिटर्नचा घोळ निस्तरायला सरांनी फी घेतली नाही, पण दोन महिने मला बोलत होते. दाखला आला तीन तारखेला.

ऑपरेशन पाचला झालं. चार तास आम्ही सगळे बाहेर, आणि आई बाकावर बसून स्वतःच्याच भुवया कोरायला लागलेली, नर्व्हस झाली की तिला सुचत नाही. समाजसेवा विभागाच्या ताई येऊन सांगून गेल्या, व्यवस्थित झालं. काकांनी तिथेच कॅलेंडरचं पान काढलं आणि लिहिलं: 'भंते, बायपास, शून्य.' खाली: 'चहा, फक्त मी, सात.'

घरी काय झालं विचाराल, तर पार्लरच्या लायसन्सवर आता आईचं नाव आहे.  तिसऱ्या दिवशी जेवताना पप्पा बोलले, "पार्लरच्या खुर्च्यांना मॅग्नेट लावले तर?" आईने नुसतं बघितलं. "नाही, आपलं विचारलं," पप्पा बोलले आणि भात घेतला.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात गेलेले. मस्त फाईल करून नेलेली. टेम्पो ट्रान्सफर, स्कूटर ट्रान्सफर, चिकनचं मीटर ट्रान्सफर, सगळ्याच्या पावत्या. भंते उशीला टेकून बसलेले, छातीला पट्टा, अशक्त, पण डोळे तेच.

"आता माझ्या नावावर काय उरलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, भंते! फक्त विहाराचं मीटर. तुम्ही आता कागदावर पण कंगाल!"

"छान," ते बोलले. "मीटर राहू दे."

बाजूच्या खाटेवर एक मुरबाडकडचा माणूस होता, पाय प्लास्टरमध्ये. तो कधीपासून आमचं ऐकत होता. आता थोडा सरकला. "भंतेजी, माझ्या पोराला कंपनीत घेतायत डोंबिवलीला. पण तिथला पत्ता मागतात बघा. आपला कोण तिथं..."

"भंते, नाही," मी बोलले.

"आधी ऐकून तर घे."

"नाही! मी आत्ता दीड महिना..."

"बाळा," भंते बोलले, आणि ज्या हाताला सलाईन नव्हती तो हात पुढे केला. "तुझ्याकडं पेन असंल ना?"

माझ्या खिशाला दोन पेनं लावलेली, दोन्ही दिसत होती. मी एक दिलं. पण आधी त्या माणसाचा अर्ज ओढून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, त्यांनी सही करायच्या आधी.